पेट्रोल पद्मिनीत डिझेल इंजिन बसवून घ्यावं का? (कुर्ल्याच्या मेकॅनिकने डोक्यात किडा सोडलाय)

पम्या_लालबाग

मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र होतो. पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

घरी बाबांची प्रीमियर पद्मिनी आहे. १९९६ ची, पेट्रोल. रंग मूळचा पांढरा, आता साय धरलेल्या दुधासारखा. पंधरा वर्षांनंतरची पुनर्नोंदणी, हरित कर, विमा, सगळं जागच्या जागी. एरवी चाळीच्या मागे ताडपत्रीखाली असते, रविवारी भायखळ्याच्या बाजारापर्यंत जाते आणि वर्षातून दोनदा, शिमग्याला आणि गणपतीला, गुहागर. सगळं मिळून वर्षाला ३००० किलोमीटर.

गेल्या गणपतीला कशेडी बोगद्याच्या तोंडाशी रांग लागली होती म्हणून बाबांनी जुन्या घाटाने घेतली. तीनदा बंद पडली. दर वेळी बॉनेट उघडायचं, अर्धा तास थांबायचं, मग काहीच झालं नाही अशी सुरू. तिसऱ्या वेळी मागच्या एसटीतल्या लोकांनी आमच्यासाठी आरती म्हटली.

परवा कुर्ल्याला एका मेकॅनिकला दाखवली. तो म्हणतो, पेट्रोलचं इंजिन काढूनच टाका. त्याच्याकडे पद्मिनी १३७ डी चं डिझेल इंजिन गिअरबॉक्ससकट पडलंय, एक लाख चाळीस हजारांत चावी हातात देतो. ते महाग वाटत असेल तर इंडिकाचं बसवतो नव्वद हजारांत. "सब हो जाएगा, साब. घाट में बैल की माफिक चढेगी."

पेट्रोल १०३, डिझेल ९०, शिवाय डिझेलचं अ‍ॅव्हरेज जास्त. मला तर पटायला लागलंय. कोणी असं केलंय का? बाबांना अजून बोललेलो नाही.

टारगट_टग्या

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.

वॅगनारवाला

विका आणि सीएनजी वॅगनार घ्या. धागा संपला.

पम्या_लालबाग

@वॅगनारवाला, विकायचा विषय घरात २०११ साली एकदा निघाला होता. बाबा दोन दिवस जेवले नव्हते.

वंगणकाका

पम्या, आधी इंडिकाचा विषय मिटवून टाकू. पद्मिनीचं इंजिन बॉनेटखाली उभं बसतं, त्याच्या मागे गिअरबॉक्स, मग लांब शाफ्ट आणि मागची चाकं ओढतात. इंडिकाचं १४०५ सीसीचं इंजिन आडवं बसतं आणि गिअरबॉक्ससकट पुढची चाकं ओढतं. ते उभं करायचं तर त्याच्या मागे दुसराच गिअरबॉक्स जोडावा लागणार. दोन्हींच्या मध्ये लेथवाल्याकडून जाड पट्टी कातून घ्यायची, आणि ती केसभर जरी तिरकी बसली तरी क्लचप्लेट आणि बेअरिंग दर पाच-सहा महिन्यांनी खाणार. शिवाय खालचा ऑइल चेंबर पुढच्या क्रॉस मेंबरवर (गाडीखालच्या आडव्या लोखंडी दांड्यावर) टेकतो, मग चेंबर कापून झाळायचा. हे सगळं नव्वद हजारांत कोणी करत असेल तर तो शेवटचे तीस टक्के काम करणार नाही, आणि गाडी चालते ती त्या शेवटच्या तीस टक्क्यांवर.

आता १३७ डी. ही कल्पना वेडगळ नाही. प्रीमियरनेच नव्वदच्या दशकात इटलीच्या एफएनएमचं १३६६ सीसीचं डिझेल इंजिन पद्मिनीत घातलं आणि ती १३७ डी म्हणून विकली. तुझ्या पेट्रोल इंजिनाचं १०८९ सीसी. म्हणजे जागा आहे, माउंटिंगचे ब्रॅकेट मिळाले तर बसेल. पण इंजिन म्हणजे फक्त लोखंडाचा गोळा नव्हे. डिझेलला हवा दाबूनच पेट घ्यायचा असतो. तुझ्या गाडीत हवा सात-आठ पटींनी दाबली जाते, डिझेलमध्ये वीसच्या आसपास. म्हणून ब्लॉक जाड, क्रँक जाड, डोकं जड. पुढच्या स्प्रिंगा बसतात, त्या बदलायच्या. एवढ्या दाबाविरुद्ध फिरवायला सेल्फ मोठा, त्याला बॅटरी मोठी, बॅटरीचा ट्रे मोठा, केबल जाड. हिटर प्लगचं वायरिंग वेगळं. टाकीपासून येणारी एक नळी आहे, डिझेलला परत जाणारी दुसरीही लागते, कारण पंप आणि नोझलमधून उरलेलं डिझेल टाकीत परत जातं. टाकी आतून गंजलेली असेल (१९९६ ची आहे, असणारच) तर तो गंज थेट डिझेल पंपात. त्या पंपाचं काम करणारे मुंबईत आहेत, पण १३७ डी चे सुटे भाग मागायला गेलास तर तुझ्याकडे पाहून हसतील.

आणि क्राउनचं, म्हणजे मागच्या डिफरन्शियलमधल्या मोठ्या दातेरी चाकाचं, गुणोत्तर. पेट्रोल इंजिन जास्त वेगाने फिरून ताकद देतं, डिझेल कमी वेगाने. मागचं डिफरन्शियल तेच ठेवलंस तर महामार्गावर ऐंशीलाच इंजिन बोंबलायला लागेल. मेकॅनिकला विचार, क्राउन देतोयस का सोबत? बघ काय तोंड करतो.

दिवाभीत

फोटो कुठे आहेत?

बंडू_सायन

मी केलंय. म्हणजे पद्मिनीत नाही, मारुतीच्या एस्टीममध्ये. २०१२ साली पेट्रोल आणि डिझेलमध्ये लिटरमागे तीस रुपयांच्या वर फरक पडला होता, आठवतंय का? डिझेलवर सरकारी नियंत्रण होतं, पेट्रोल २०१० सालीच मोकळं सोडलेलं. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलही मोकळं झालं आणि सगळा हिशेबच गडगडला, पण तोवर मी शहाणपणा करून बसलो होतो.

एस्टीमचं डिझेल मॉडेल कंपनीनेच काढलं होतं, प्युजोचं १५२७ सीसीचं इंजिन घालून. तेच इंजिन झेन डिझेलमध्येही होतं. एका पाठून ठोकलेल्या एस्टीम डिझेलचं इंजिन, गिअरबॉक्स, रेडिएटर असं अर्धं धड सीएसटी रोडवर मिळालं. बॉडी तीच, म्हटलं यात काय अवघड? मेकॅनिक म्हणाला आठ दिवस. लागले साडेतीन महिने. त्या साडेतीन महिन्यांत मी सायन ते अंधेरी बसने जाताना जे डिझेल वाचवलं ते वेगळंच.

पहिलीच फेरी नाशिकची. कसारा चढताना काय मस्त ओढत होती, बायकोला म्हटलं बघ. परत येताना उतारावर ब्रेकवर पाय ठेवला तर पेडल दगड! दाबतोय, दाबतोय, गाडी आपली चाललीय. हँडब्रेक आणि दुसरा गिअर करत कशीबशी बाजूला घेतली. बायको एक शब्द बोलली नाही. तिने पर्स उघडली, कुलस्वामिनीचा अंगारा काढला, डॅशबोर्डला लावला आणि पर्स बंद केली. पुढे ठाण्यापर्यंत गप्प.

मेकॅनिकने व्हॅक्युम पंपाची नळी जोडलीच नव्हती.

बाकी बारीकसारीक: आरपीएमचा काटा कायमचा मेला. चावी बंद केली तरी इंजिन चालूच राहायचं, कारण डिझेल तोडून इंजिन बंद करणाऱ्या सोलेनॉइडचं (विजेच्या झडपेचं) वायरिंग उलटंपालटं होतं. मी दोन महिने गाडी चौथ्या गिअरमध्ये क्लच सोडून, धक्का देऊन बंद करत होतो. सोसायटीच्या वॉचमनला वाटायचं मला गाडी चालवता येत नाही.

मीठभाकर

@बंडू_सायन, अंगाऱ्याला हसले खरं, पण प्रकार भयंकर आहे. इंजिन बदललं तर ब्रेक का जातील? ब्रेकचा इंजिनाशी संबंध काय?

वंगणकाका

@मीठभाकर, चांगला प्रश्न. पेट्रोल गाडीत अ‍ॅक्सिलरेटर सोडला की हवेच्या वाटेतली झडप बंद होते. इंजिन तरी हवा ओढत असतं, म्हणून मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा नेणाऱ्या नळ्यांत) पोकळी तयार होते. ती पोकळी नळीने ब्रेकच्या बूस्टरला नेतात आणि ती तुमच्या पायाला मदत करते. डिझेलमध्ये अशी झडपच नाही. हवा कायम मोकळी, वेग फक्त डिझेल कमी-जास्त करून ठरतो. पोकळी नाही, म्हणजे मदत नाही. म्हणून डिझेल गाड्यांना वेगळा व्हॅक्युम पंप असतो, बहुतेक वेळा अल्टरनेटरच्याच शेपटीला. बंडूच्या मेकॅनिकने नळी सोडून दिली.

आरपीएमचंही तेच. पेट्रोल गाडीत काटा इग्निशन कॉइलच्या ठिणग्या मोजतो. डिझेलमध्ये ठिणगीच नाही, मोजणार काय?

पम्या, तुझ्या गाडीला ब्रेक बूस्टर आहे का?

पम्या_लालबाग

नाही काका. बाबांच्या पायातच आहे.

नवा_खेळाडू

माझा बावळट प्रश्न. पूर्ण इंजिन कशाला बदलायचं? तोच पेट्रोलचा ब्लॉक ठेवून वरचं हेड, पिस्टन, पंप डिझेलचे टाकले तर?

वंगणकाका

बावळट नाही, अमेरिकेतल्या जनरल मोटर्सलाही हाच प्रश्न पडला होता. १९७८ साली त्यांनी ओल्डस्मोबिलमध्ये ५.७ लिटरचं व्ही-८ डिझेल आणलं. ब्लॉक त्यांनी बराच जाड केला, तिथे चूक नव्हती. पण हेडच्या बोल्टांची मांडणी आणि संख्या पेट्रोल इंजिनाचीच ठेवली, कारण तीच यंत्रं वापरायची होती. डिझेलच्या दाबाला ते बोल्ट पुरेनात. ताणले जायचे, हेड गॅसकेट (हेड आणि ब्लॉकमधली चकती) फुटायचं, पाणी सिलिंडरमध्ये. त्यात डिझेलमधलं पाणी वेगळं करणारा सापळा दिला नव्हता, म्हणून पंपही गंजायचे. १९८५ ला बंद करावं लागलं, आणि अमेरिकन माणसाच्या मनातून डिझेल मोटार जी उतरली ती उतरलीच.

उलट उदाहरणही देतो. फोक्सवागनने १९७६ ला गोल्फमध्ये जे छोटं डिझेल दिलं ते त्यांच्या पेट्रोल इंजिनाच्याच घराण्यातलं होतं, आणि ते उत्तम चाललं. म्हणजे होत नाही असं नाही. पण ते करणाऱ्यांकडे प्रयोगशाळा होती. तुझ्याकडे कुर्ल्याचा नाका आहे.

टारगट_टग्या

वंगणकाकांचा प्रत्येक प्रतिसाद वाचला की माझी गाडी आपोआप स्वच्छ होते.

ॲड_मुलुंड

सगळे नटबोल्टात अडकलेत. पम्याशेठ, आरसी बुकवर इंधनाच्या रकान्यात काय लिहिलंय? 'पेट्रोल'. प्रश्न तिथेच संपतो.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. नोंदणीच्या तपशिलांपेक्षा आणि निर्मात्याने मूळ दिलेल्या वैशिष्ट्यांपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या प्रकरणात हे पुन्हा ठासून सांगितलं. त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं इंजिन परवानगी घेऊन बदलता येतं, इंजिन नंबर आरसीवर चढवून. सीएनजी, एलपीजी, बॅटरी यांना मान्यताप्राप्त किट बसवायची वाट कायद्याने ठेवली आहे. पेट्रोलचं डिझेल करायला ती वाट नाही. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ अ खाली मालकालाच सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा दोन्ही.

बंडूशेठनी २०१२ साली केलं ते तेव्हाही नियमात बसत नव्हतं. पण ते मी वाचलंच नाही असं समजा.

टारगट_टग्या

वकीलसाहेब, वडाळ्याच्या सिग्नलला हवालदार बॉनेट उघडून हेड कोणतं ते बघणार आहे का? चाळीस वर्षं आमच्या गावाकडे जीपमध्ये मॅटाडोरचं इंजिन घालून लोक वऱ्हाडं नेतात. एक लग्न मोडलं नाही.

ॲड_मुलुंड

हवालदार बघणार नाही. अपघात झाला की विमा कंपनीचा सर्व्हेअर बघेल. तो बॉनेटच आधी उघडतो. मग इंजिन नंबर जुळत नाही, इंधन जुळत नाही, आणि समोरच्याच्या नुकसानभरपाईचा आकडा तुमच्या नावावर. लग्न नसेल मोडलं, पण घर विकलेली माणसं मी पाहिली आहेत.

बंडू_सायन

वकिलांचं बरोबर आहे. मला पीयूसीनेच रडवलं. पीयूसीवाला गाडीचा नंबर टाकतो, पडद्यावर 'पेट्रोल' येतं, तो बिचारा पेट्रोलचीच नळी सायलेन्सरमध्ये खुपसतो. ती कार्बन मोनॉक्साइड मोजते. डिझेलचा तपास वेगळा, तिथे रेस देऊन धुराचा काळेपणा मोजतात. माझी गाडी पेट्रोलच्या तपासात इतकी सुंदर पास झाली की त्याने मला विचारलं, साहेब कुठलं पेट्रोल भरता?

आणि विकता आली नाही. जो यायचा तो आरसी बघून जायचा. शेवटी भंगारात, तीही कमी भावात.

कुर्लेकर

प्रीमियरचा विषय निघाला म्हणून लिहितोय, अवांतर वाटलं तर सोडून द्या.

माझे वडील कुर्ल्याच्या प्रीमियरमध्ये असेंब्लीला होते. १९६४ ला फियाट ११०० डिलाइट निघाली, मग १९७२ ला तिचं नाव प्रीमियर प्रेसिडेंट झालं आणि १९७४ ला पद्मिनी. वडील मात्र शेवटपर्यंत फियाटच म्हणायचे, "पद्मिनी कागदावर". त्यांच्या डाव्या तर्जनीच्या टोकाला एक खड्डा होता, दरवाजाची बिजागरी हाताने सरकवून भोकाला भोक जुळवताना बोट आत गेलेलं. म्हणायचे, इथून बाहेर पडलेल्या चारशे-पाचशे गाड्यांच्या दरवाजात माझं बोट आहे. तुमच्या गाडीचा डावा पुढचा दरवाजा बंद करताना किंचित वर उचलावा लागतो का, पम्या?

आता त्या जागेवर कोहिनूर सिटी आहे. वडिलांना एकदा तिथे कॉफी प्यायला नेलं होतं. बसल्या बसल्या म्हणाले, इथे पेंट शॉप होतं. मग कॉफी तशीच ठेवून उठले.

पम्या_लालबाग

@कुर्लेकर, हो!! उचलूनच लावावा लागतो. आम्हाला वाटायचं आमच्याच गाडीचा दोष. आज बाबांना वाचून दाखवलं. (त्यामुळे धागाही दाखवावा लागला. पुढचं नंतर लिहितो.)

दिवाभीत

दरवाजाचा तरी फोटो टाका.

खिडकीतला_प्रवासी

काळीपिवळी आठवली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली, टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून गेल्या. स्टिअरिंगखालचा गिअर, आत मखमली सीटकव्हर, पाय पसरायला जागा. आताच्या टॅक्सीत बॅग मांडीवर घेऊन बसतो.

या टॅक्स्यांनी सगळी इंधनं पाहिली. पेट्रोल, मग डिझेल, मग उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर सीएनजी. पम्या, ही तिसरी वाट तुला कायद्यानेही मोकळी आहे.

पम्या_लालबाग

सीएनजीची टाकी डिकीत बसली तर गणपतीचं सामान कुठे ठेवू? मखर, फुलोरा, आईचे डबे, आत्या.

टारगट_टग्या

आत्या डिकीत???

सीए_वहिनी

मेकॅनिकवर, कायद्यावर बोलून झालं, आता आकडे. पद्मिनी पेट्रोलवर लिटरला ११ देते धरू, डिझेलवर १७. पेट्रोल १०३ म्हणजे किलोमीटरला ९ रुपये ३६ पैसे. डिझेल ९० म्हणजे ५ रुपये २९ पैसे. वाचले ४ रुपये ७ पैसे. वर्षाला ३००० किलोमीटर, म्हणजे १२,२०० रुपये. इंजिनाचे १,४०,००० वसूल व्हायला साडेअकरा वर्षं. यात स्प्रिंगा, बॅटरी, टाकी आणि बंडूभाऊंचं बसभाडं धरलेलं नाही.

रोज ८० किलोमीटर धावणाऱ्याला डिझेल परवडतं. ताडपत्रीखाली उभ्या गाडीला नाही.

वॅगनारवाला

वहिनी, तुमच्याच आकड्यात वॅगनारही बसवून दाखवा ना.

सीए_वहिनी

दाखवते, फी लागेल.

गोणपाट_उस्ताद

कुर्ल्यात डिझेल गॅरेजमध्ये सहा वर्षं होतो. सगळे खर्चाचं बोलतायत, मी एक भीतीची गोष्ट सांगतो.

जुनी इंजिनं घेऊन बसवता तेव्हा आतल्या रिंगा किती घासल्यात ते कोणी सांगत नाही. एकदा एका जुन्या डिझेलची टेस्ट करत होतो, अचानक रेस आपोआप वाढायला लागली. चावी बंद. डिझेलची नळी काढली. तरी वाढतेय! रिंगांमधून वर आलेल्या ऑइलवरच चालायला लागलं होतं. आख्खं गॅरेज पांढऱ्या-निळ्या धुराने भरलं, रस्त्यापलीकडचा वडेवाला गाडी सोडून पळाला. उस्तादाने बादलीत भिजवलेलं गोणपाट उचललं आणि हवेच्या तोंडावर दाबून धरलं. हात नाही हं, हात लावला तर ओढून घेईल. हवा तुटली तेव्हा इंजिन मेलं. त्यानंतर पाच मिनिटं कोणी बोललं नाही. मग उस्ताद म्हणाला, चहा सांग.

१३७ डी चं जे इंजिन 'पडलंय' ते का पडलंय, हे आधी विचारा.

टारगट_टग्या

दंडवत उस्ताद. मी पॉपकॉर्न खाली ठेवलं.

मीठभाकर

पंचवीसेक प्रतिसाद झाले, सीसी, कलमं, गोणपाट सगळं झालं. पण मूळ दुखणं कोणी विचारलंच नाही. गाडी घाटात तीनदा बंद पडली, थंड झाल्यावर सुरू झाली. का? ताप आला म्हणून कोणी डोकं बदलत नाही.

आमच्या आजोबांकडेही फियाट होती. घाट आला की आजी मागच्या सीटवरून ओला फडका पुढे द्यायची. आजोबा उतरून बॉनेट उघडून तो इंजिनावर कशावर तरी गुंडाळायचे. मला लहानपणी वाटायचं गाडीला डोकेदुखी आहे.

वंगणकाका

मीठभाकर, माझे कान तुम्ही धरलेत, आणि बरोबर धरलेत. तीस वर्षं हातात पाना आणि पहिला प्रश्न विचारायचा राहिला.

आजी जिथे फडका द्यायची तो पेट्रोलचा पंप. फियाटला तो इंजिनाच्या अंगालाच बसवलेला, यांत्रिक, आत रबरी पडदा. घाटात इंजिन तापलं की पंपातलं पेट्रोल उकळून त्याची वाफ होते, आणि पंपाला वाफ ढकलता येत नाही. कार्बोरेटर कोरडा, गाडी बंद. अर्ध्या तासाने निवली की पुन्हा चालू. पम्याने धाग्याच्या सुरुवातीलाच सगळी लक्षणं लिहिली होती.

त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. जुन्या गाड्यांच्या रबराला ते मानवत नाही, नळ्या आणि पडदे फुगतात, मऊ पडतात. पम्या, तीन गोष्टी बघून ये: पंपाचा पडदा, रेडिएटर आतून चोंदलाय का, आणि रेडिएटरचं झाकण उघडून इंजिन सुरू असताना पाण्यात बुडबुडे येतायत का (गाडी थंड असताना उघड, नाहीतर चेहरा भाजेल). बुडबुडे असतील तर हेड गॅसकेट.

पम्या_लालबाग

(बारा दिवसांनी)

उशिराबद्दल माफी. आधी घरचं सांगतो. बाबांनी धागा पूर्ण वाचला, चष्मा काढून. एकच वाक्य बोलले, "इंजिन माझं होतं, मला विचारायचं होतंस." मग दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला उठवलं, आणि आम्ही गाडी परळच्या त्यांच्या जुन्या मिस्त्रीकडे नेली. तो आता सत्तरीचा आहे, गॅरेज मुलगा चालवतो, पण फियाट म्हटल्यावर स्टूल घेऊन बाहेर येऊन बसला.

पंप खोलला. पडदा काढून माझ्या तळहातावर ठेवला. काळा, कडेने लाटेसारखा सुरकुतलेला, बोटाने दाबला तर ओल्या पापडासारखा. मिस्त्री म्हणाला, "हे पेट्रोल ढकलत नव्हतं, पेट्रोलची समजूत काढत होतं." रेडिएटर खालच्या अर्ध्या भागात थंड, वरच्या भागात हात लावता येत नाही, म्हणजे खाली चोंदलेला. बुडबुडे नाहीत, गॅसकेट शाबूत.

नवा पंप, नळ्या सगळ्या बदलल्या, रेडिएटर उघडून कांड्या घालून साफ, पाण्याचा पंप नवा, पट्टा नवा, टायमिंग लावून घेतलं. ११,६०० रुपये. कुर्ल्याच्या मेकॅनिकला फोन केला की डिझेल नको, तर म्हणाला इंजिन काल दुसऱ्याला दिलं. कोणत्या बिचाऱ्याच्या गाडीत बसतंय देव जाणे.

सीए_वहिनी

म्हणजे १,२८,४०० वाचले. वॅगनारवाले, बघा.

ॲड_मुलुंड

आणि सहा महिने.

दिवाभीत

पडद्याचा फोटो टाकायला काय झालं होतं?

मीठभाकर

गणपतीला घाट चढली का ते नक्की लिहा.

पम्या_लालबाग

(गणपतीनंतर)

@मीठभाकर, लिहितो. जाताना लालबागहून पहाटे तीनला निघालो. पेण, माणगाव, महाड, कुठे हूं की चूं नाही. आईने ओला फडका प्लास्टिकच्या डब्यात घालून मांडीवर घेतला होता. पोलादपूरच्या पुढे आलो तर बोगदा रिकामा. सरळ आत शिरलो आणि काही मिनिटांत पलीकडे. घाट चढलोच नाही. गाडी बरी झाली की नाही हे कळायचा मार्गच राहिला नाही, आईने तो फडका चिपळूणला काचा पुसायला वापरला.

बाबा मात्र पाच दिवस गप्प होते. परत येताना बोगद्याच्या तोंडाशी काही न बोलता गाडी डावीकडे जुन्या घाटाला घातली. आत्या ओरडली, रस्ता चुकलात. बाबा म्हणाले, "नाही चुकलो." दुसऱ्या गिअरमध्ये, खिडकीच्या काचा खाली, वर पोचेपर्यंत कोणी तोंडातून शब्द काढला नाही. वरती गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं, पंपाला हात लावून बघितला आणि मलाही लावायला सांगितला. कोमट होता.

@दिवाभीत, फोटो काढलाय. बाबांचा हात आणि पंप, दोन्ही आहेत. चढवायचं कसं ते कोणीतरी सांगा.